दावण

चोवीस डिसेंबरला चारलाच दिवस मावळतो
ओरावाच्या आमच्या खोऱ्यात.
तेव्हा वडील गोठ्यात जाऊन साखळी आणायचे,
स्त्राचेनाची.
गाय विकली मी नऊ वर्षांची असताना,
साखळी मात्र खिळ्याला टांगलेली,
तेलपाणी केलेली,
जणू दूध घालून गाय संध्याकाळी परत येणार होती.

टेबलाच्या चारी पायांना वेढे पडायचे.
वडील खाली रांगत,
आई वरून, "एवढं आवळू नका, कापड अडकतं."
वर्षभर घर एका जागी राहावं म्हणून बांधायचं,
एवढं ठाऊक होतं,
जसं मीठ कुठल्या डब्यात आहे हे ठाऊक असतं.

मग मध.
आई प्रत्येकाच्या कपाळावर बोटानं क्रूस काढायची.
ओन्द्रेयचा हटकून भुवईत ओघळायचा
आणि तो जीभ तिथवर पोचवायचा प्रयत्न करायचा.
मग कागदासारखी पातळ पापडी, तिच्यावर पुन्हा मध,
आणि लसणाची अख्खी पाकळी.
लसणानं दुखणी पळतात, मधानं बोलणं गोड होतं.
लसूण लागू पडला आम्हाला.
मधाचं काही खात्रीनं सांगता येत नाही.

आंबट कोबीचं सार, त्यात रानातले वाळवलेले अळंबे.
ताटाखाली माशाचा खवला, पैसा टिकावा म्हणून.
आणि एक नियम:
जेवण उरकेतो उठायचं नाही.
उठेल तो पुढच्या वर्षी या टेबलाशी नसेल.
आईला तेवढी मुभा.
वाढणाऱ्या बाईला मरायला वेळ कुठला.

मी अकरा वर्षांची होते.
सार अर्धं झालेलं.
खिडकीच्या काचेवर शेजारच्या ओतीलियाची मूठ:
गाय अडली आहे, वासराचा एकच पाय बाहेर,
डॉक्टर बर्फात अडकलेत.
वडिलांनी आईकडे पाहिलं नाही.
साखळीवरून आधी डावा पाय टाकला, मग उजवा.
दार उघडलं तेव्हा मेणबत्ती विझली,
ती आईनं पुन्हा लावली, एकही शब्द न बोलता.
ते अकराला परतले,
कोपरापर्यंत रक्त, केसांत पेंढा,
म्हणाले, "कालवड आहे,"
आणि गार सार उभ्यानंच प्यायले.

ते वर्ष आम्ही त्यांच्यावर पहारा ठेवला.
खोकले की चौघं वळून बघायचो.
आईनं शिडी कोळशाच्या खोलीत लपवली.
मोटरसायकलची किल्ली सापडेना, ती पिठाच्या डब्यात होती.
वडील हसायचे, पण एकदा जिन्यावर
कठडा धरून उतरताना मी त्यांना पाहिलं.

एकोणीस वर्षं जगले ते त्यानंतर.
आणि गेले त्याच्या आदल्या नाताळात
कुणी जागचं हललंही नव्हतं.
मार्च होता, आलुबुखाराची झाडं छाटायची राहिली होती.
आई म्हणाली, "साखळी सैल पडली असेल."
एवढंच.

आता मी रांगते टेबलाखाली.
ओन्द्रेय आयर्लंडमध्ये, गोदामात रात्रपाळीला.
यंदा तो फोनमध्ये बसला आहे,
मधाच्या बरणीला टेकून,
आणि आईनं मला बजावलं आहे
की बरणी टेबलाच्या मधोमधच हवी, साखळीच्या आत.
त्याची पाच वर्षांची नोरा विचारते,
"आजी, टेबल पळून जातं का?"
"जातं," आई म्हणते. "तुमचं गेलं की."

मासा वाढून झाला
आणि पडद्यावर लाल आकडा: चार टक्के.
चार्जर पलीकडच्या खोलीत.
आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ऑक्टोबरातलं,
तिची मुभा आता कुबडीसकट भिंतीला टेकलेली.
ओन्द्रेय बोलतोच आहे, कुठल्याशा दुकानातल्या
नको तितक्या गोड कोबीबद्दल.
तीन टक्के.
नवरा ताटाकडे बघतो. मुलगा माझ्याकडे.
मी खुर्चीची कड धरून बसले आहे.

"बोझेना, ऊठ," आई म्हणते,
काटा काढता काढता, मान वर न करता.
"तुझा बाप उठलाच होता की."

डावा पाय आधी टाकते.
साखळी घोट्याला लागते,
थंडगार.